आईवर कविता लिहिताय? या चुका टाळा

आई गेल्यावर तिसऱ्याच रात्री मी कविता लिहिली. त्यात ममतेचा सागर होता, वात्सल्यमूर्ती होती, देवाचं रूप पण होतं, फक्त आमची आई नव्हती. वर्षभराने वाचली तर ती कोणाच्याही आईला चालली असती. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. ओळ शेजारच्या काकूंच्या फोटोखाली पण शोभत असेल तर खोडा.

नाशिककरांची अजून एक सवय. गोदावरीवरच्या रामकुंडात अस्थी विरघळतात अशी श्रद्धा आहे, त्या जागेला अस्थिविलय तीर्थच म्हणतात, त्यामुळे आपल्या कवितेत आई शेवटी गोदामाईत मिसळते. अरे पण घरी आपण गोदावरीला गंगाच म्हणतो, 'गंगेवर जाऊन येतो' असं सांगतो ना, मग तेच लिहा. आईला बाई किंवा अक्का म्हणत असाल तर तेच ठेवा, आणि एकदा 'तू' धरलं की मधेच 'ती' करू नका.

यमकाने फार घात होतो. आई म्हटलं की घाई, पुण्याई, अंगाई हे शब्द आधीच तयार असतात, मग कधी अंगाई न गायलेली आई पण कवितेत गायला लागते. ओळीच्या शेवटी 'आई' ठेवूच नका. छंद हवा असेल तर अभंगाचा 6-6-6-4 घ्या, म्हणजे चार चरण, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं आणि चौथ्यात चार, यमक फक्त दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला लागतं.

आता क्रियापदं, कारण खरी कविता इथेच बुडते. ती भाजी आणायची, निवडायची, वाढायची, वाट बघायची... या 'यची'मुळे सगळं धुकं होतं, एकही दिवस दिसत नाही. त्याऐवजी त्या बुधवारी ती गंगाघाटावरच्या बाजारातून मेथीच्या तीन जुड्या घेऊन आली आणि जिना चढताना पहिल्यांदाच मधे बसली, असं लिहा. एकच दिवस, एकदाच घडलेला. जातं, चूल तिच्याकडे नव्हतीच तर कशाला आणता, मिक्सर होता तर मिक्सर लिहा. आणि तुमची भांडणं गाळू नका, मी गाळली होती, म्हणून माझी आई खोटी वाटत होती.

दहाव्याच्या आत कविता पूर्ण करायची घाई नको, पण नोंदी लगेच करा, कारण आठवण सांगून सांगून बदलत जाते. आणि 'आई आहे तोवर किंमत करा' असं शेवटचं कडवं तर नकोच, ज्याची गेलीय त्याला ते वाचवत नाही.

तरीही अडली तर तिची एक वस्तू समोर ठेवा. माझी अडली होती तेव्हा स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढलं, ज्यावर ती दुधाचा हिशोब लिहायची. 14 तारखेपर्यंत तिच्या अक्षरात 'अर्धा', 'अर्धा', 'नाही', 'अर्धा', आणि पुढचे चौकोन कोरे. मी तेवढंच उतरवून घेतलं.