ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातलं कॅटल स्टेशन बघायला जाताय? या चुका टाळा

कॅटल स्टेशन म्हणजे गुरं पाळण्याचा अवाढव्य मुलूख, पण नाव ऐकलं की आपल्या डोळ्यांसमोर कृषी पर्यटन केंद्र येतं. बैलगाडीची फेरी, हुरडा, ठरल्या वेळेला जेवण. पहिली चूक इथेच होते. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं ॲना क्रीक हे एकच स्टेशन निदान पुणे जिल्ह्याएवढं मोठं आहे. इतक्या मुलखात विखुरलेली गुरं हेलिकॉप्टर आणि मोटरसायकली लावून गोळा करावी लागतात. या कामाला मस्टरिंग म्हणतात. ते बहुतेक तिकडच्या थंडीच्या महिन्यांत, म्हणजे आपल्या पावसाळ्याच्या सुमारास चालतं आणि पर्यटकही नेमके तेव्हाच येतात. त्यामुळे सकाळी ठरलेली सफर दुपारी रद्द झाली, तर रागावू नका. कुठला तरी पंप बंद पडलेला असतो आणि तिथली गुरं तहानलेली असतात.

बहुतेक स्टेशनं पाहुणे घेतच नाहीत. उलुरू या प्रसिद्ध लाल खडकाच्या वाटेवर लॅसेटर हायवेलगत कर्टिन स्प्रिंग्ज आहे, तिथे राहायची सोय आहे. त्याच रस्त्यावरून सपाट माथ्याचा माउंट कॉनर दिसतो आणि कित्येक जण त्यालाच उलुरू समजतात. तो डोंगर स्टेशनच्या खासगी हद्दीत आहे. मार्गदर्शित सफरीतूनच तिथे जाता येतं, मनाने गाडी आत घालायची नाही.

गावाकडचा गोठा आणि विमानतळ

आपल्या लोकांना सगळ्यात कळकळीने सांगावंसं वाटतं ते हे. लाळ-खुरकूत ही गुरांची साथ आपल्याकडे नेहमीची आहे, ऑस्ट्रेलिया मात्र १८७२ पासून तिच्यापासून मुक्त आहे. तिथे ती शिरली तर देशभरातल्या पशुपालकांचा धंदा बसेल. मुलांकडे मेलबर्नला किंवा सिडनीला निघालेले आई-वडील बऱ्याचदा आधी गावी जाऊन येतात. गेल्या ३० दिवसांत शेतात किंवा जनावरांजवळ गेला असाल, तर प्रवेशाच्या कार्डावर तसं खरं लिहा. बूट घासून, धुऊन, वाळवून न्या. गोठ्यातली चप्पल नेऊच नका. पेढे-बर्फीसारखी दुधाची मिठाई नेता येत नाही. सामानात राहिलीच असेल तर आपणहून दाखवा. लपवली तर जबर दंड होतो.

पाणी आणि फाटक

या भागात गुरं जगतात ती बहुतांशी बोअरच्या पाण्यावर. हौदाशेजारी तंबू ठोकला की बुजरी जनावरं रात्रभर लांब उभी राहतात, पाण्याला येत नाहीत. दक्षिण ऑस्ट्रेलियात तर जनावरांच्या पाणवठ्यापासून ५०० मीटरच्या आत मुक्काम करायला मनाई आहे. त्या पाण्यात साबण लावून भांडी घासणं, आंघोळ करणं हेही नको.

फाटक जसं दिसलं तसंच सोडा. उघडं असेल तर उघडंच! ते चांगुलपणाने लावून घेतलं, तर पलीकडच्या कळपाचं पाणी तुटू शकतं.

गाडी अडली तर

भाड्याच्या साध्या मोटारींना करारात बहुधा कच्चा रस्ता वर्ज्य असतो आणि तिथे विमा लागू होत नाही. करार नीट वाचा. वाळूत चाकं रुतली की ॲक्सिलरेटर दाबत राहू नका, गाडी आणखी खाली जाते. चाकांपुढची-मागची वाळू हाताने काढा, टायरमधली हवा २० पीएसआयच्या आसपास आणा आणि आल्या चाकोरीतून हळूहळू मागे घ्या. पक्क्या रस्त्यावर पोहोचलात की हवा पुन्हा भरा.

पाऊस पडला की ऊडनाडॅटा ट्रॅकसारखे रस्ते बंद होतात. वरून कोरडा दिसला तरी बंद रस्त्यावर जाऊ नका. दंड तर होतोच, शिवाय ओल्या मातीत पडलेल्या खोल चाकोऱ्या स्टेशनच्या लोकांना पुढे कितीतरी दिवस छळतात.

गाडी पूर्ण बंद पडली तर तिच्या सावलीत थांबा. मदत मागायला पायी निघणं जिवावर बेततं, कारण विमानातून गाडी दिसते, एकटा चालणारा माणूस दिसत नाही. मोबाइलवर विसंबू नका. सॅटेलाइट फोन किंवा आणीबाणीचा बीकन (उपग्रहामार्फत मदतीचा इशारा पाठवणारं छोटं यंत्र) भाड्याने घ्या. पाणी माणशी दिवसाला दहा लिटर धरा, वर दोन-तीन दिवसांचं जास्तीचं ठेवा. आज कुठून कुठे जाणार, हे कुणाला तरी सांगून निघा.

यार्डात, म्हणजे गुरं कोंडतात त्या आवारात

ही गुरं माणसाळलेली नसतात. काहींना माणूस वर्षातून एक-दोनदाच दिसतो. वासराजवळ गेलात तर गाय थेट अंगावर येते. त्यामुळे सांगतील तिथेच, कुंपणाबाहेर उभे राहा आणि मुलांचा हात सोडू नका. डाग देणं, शिंगं कापणं, खच्चीकरण ही कामं डोळ्यांदेखत होतात आणि ही गुरं मांसासाठीच वाढवलेली असतात. ज्यांना हे बघवणार नाही, त्यांनी बुकिंग करतानाच विचारून घ्यावं. तिथे जाऊन कामगारांशी वाद घालणं बरोबर नाही.

शाकाहारी असाल तर तेही तेव्हाच कळवा. किराणा शेकडो किलोमीटरवरून येतो, त्यामुळे ऐनवेळी डाळ-भाजी मिळणार नाही.