फ्लाय रॉडला लाईन जुळत नव्हती, सराफाच्या काट्यावर उलगडा झाला

मामेभावाचा मासेमारीचा ६ वेटचा, म्हणजे ६ नंबरच्या लाईनसाठीचा फ्लाय रॉड माझ्याकडे आला, सोबत बिनलेबलची लाईन. खानापूरजवळ मलप्रभेवर टाकून बघितलं तर रॉड वाकतच नव्हता, लाईन पुढं जाऊन ढिली पडायची, आणि वारा आला की संपलंच. मित्र म्हणाले मनगट सुधार, पण मला लाईनचाच संशय येत होता.

फ्लाय फिशिंगमध्ये लांब फेकायला वजन लाईनचं लागतं, गळाची नकली माशी तर जवळजवळ बिनवजनाची. म्हणून लाईनचा नंबर ठरतो तो पहिल्या ३० फुटांच्या वजनावर, टोकाचा एकसारख्या जाडीचा छोटा तुकडा सोडून. ५ नंबरला १४० ग्रेन म्हणजे साधारण ९.१ ग्रॅम, ६ ला १६० म्हणजे १०.४, ७ ला १८५ म्हणजे १२ ग्रॅम. एवढासा फरक किराणा दुकानाच्या काट्यावर कळणार नाही, म्हणून बेळगावात ओळखीच्या सराफाकडं गेलो. टेपनं ३० फूट मोजून खूण केली, तेवढंच वेटोळं पारड्यात ठेवलं आणि उरलेली लाईन काकांनी हातात उचलून धरली, ती लोंबली तर वजन चुकतं. ९.१ ग्रॅम भरलं! म्हणजे लाईन ५ ची.

६ ची वेट फॉरवर्ड (पुढच्या भागात वजन जास्त असलेली) लाईन घेतली आणि रॉड लगेच वाकायला लागला. ज्यांना जवळच टाकायचंय आणि रॉड कडक आहे त्यांनी एक नंबर जड लाईन लावून बघावी, कारण थोडीच लाईन बाहेर असली की वजनही कमीच पडतं.