अ‍ॅडव्हान्स टॅक्स क्रेडिट कार्डाने भरायचाय? मग मे महिन्यातच तयारीला लागा

अ‍ॅडव्हान्स टॅक्स म्हणजे चालू वर्षाच्या कमाईवर हप्त्यांनी आगाऊ भरायचा इन्कम टॅक्स, पहिला हप्ता १५ जूनपर्यंत. त्यामुळे जून उजाडला की ठाण्यात आमच्या ओळखीतल्या धंदेवाल्यांचा आणि कन्सल्टिंग करणाऱ्यांचा एकच प्रश्न सुरू होतो, टॅक्स भरायचाच आहे तर कार्डाने भरून पॉइंट का नको घ्यायला. प्रश्न बरोबर आहे. पण उत्तर बहुतेकांसाठी "नको" असं येतं, आणि ज्यांच्यासाठी "हो" येतं त्यांनाही आधी थोडी तयारी लागते. मी मागच्या वेळी लिमिट, बिलाची तारीख, फी सगळं बघितलं आणि बँकेची वगळलेल्या खर्चांची यादी तेवढी वाचली नाही. पॉइंट शून्य आले, फी गेली ती गेलीच. म्हणून हे लिहितेय, आणि ती यादी सगळ्यात आधी.

तर महिनाभर आधी, म्हणजे मे महिन्यात, बँकेच्या साइटवर जाऊन तुमच्या कार्डाच्या रिवॉर्डच्या अटी डाउनलोड करा. जाहिरातीचं पान नाही, अटींची पीडीएफ. त्यात कुठेतरी खाली, बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की अमुक खर्चांवर पॉइंट मिळणार नाहीत: इंधन, घरभाडं, वॉलेट, आणि त्यातच सरकारी सेवा व कर. ही यादी वाचा. प्रत्येक दुकानाला, प्रत्येक पेमेंटला मागे एक चार आकडी एमसीसी कोड लागलेला असतो, कराचा ९३११, इतर सरकारी सेवांचा ९३९९, आणि बँक तो कोड बघून पॉइंट द्यायचे की नाही ठरवते. तुम्ही दोन लाख भरलेत की वीस, तिला फरक पडत नाही. भरपूर कार्डांवर हे कोड वगळलेले आहेत, महागड्या कार्डांवरसुद्धा. मित्राला मिळाले म्हणून तुम्हाला मिळतील असं नाही, त्याचं कार्ड वेगळं असू शकतं किंवा त्याने भरला तेव्हाच्या अटी वेगळ्या असू शकतात. अटी वर्षात दोनदासुद्धा बदलतात, त्यामुळे गेल्या वर्षी वाचलेली यादी चालणार नाही, आजची वाचा.

आणि एवढ्यावर थांबू नका, कारण याद्या तीन असतात. पॉइंटची एक, वर्षाला अमुक खर्च केला की व्हाउचर वगैरे मिळतं त्या माइलस्टोनची दुसरी, आणि वार्षिक फी माफ होण्यासाठी कुठला खर्च धरतात त्याची तिसरी. एखाद्या कार्डावर कराला पॉइंट नसतात पण फीमाफीसाठी तो खर्च धरतात, एखाद्यावर तिन्हीकडे वगळलेला असतो. तिन्ही याद्या वाचा. समजलं नाही तर कस्टमर केअरला फोन करू नका, ईमेल करा, म्हणजे उत्तर लेखी हातात राहतं. फोनवर "हो मॅडम, मिळतील" ऐकून काहीही सिद्ध करता येत नाही.

त्यानंतर मे महिन्यातच एक हजार रुपयांचं छोटं चलन त्या कार्डाने भरून बघा. वाया जात नाही, तेवढा अ‍ॅडव्हान्स टॅक्स भरलाच गेला. पुढच्या स्टेटमेंटमध्ये पॉइंट दिसले आणि परत काढून घेतले नाहीत तर पुढे जा. नाही दिसले तर विषय संपला, नेटबँकिंगने भरा. यादी वाचायचा कंटाळा असेल तर निदान हे तरी कराच.

आता हिशोब. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर क्रेडिट कार्ड चालतं ते पेमेंट गेटवे (कार्डाचे पैसे पुढे पोचवणारी ऑनलाइन सेवा) ह्या पर्यायातून, आणि गेटवे वेगवेगळ्या बँकांचे, प्रत्येकाचा दर वेगळा. पैसे भरायच्या आधी तो स्क्रीनवर दिसतो, बघून स्वस्त गेटवे निवडा. समजा ०.९ टक्के लागला, कर दोन लाख, तर फी १,८०० आणि वर १८ टक्के जीएसटी ३२४, झाले २,१२४. ही रक्कम सरकारकडे जात नाही, त्यामुळे उद्या कराचा रिफंड आला तरी ती परत येत नाही. आता कार्ड समजा दर १५० रुपयांना २ पॉइंट देतं आणि पॉइंटची किंमत ५० पैसे, तर हातात येतात साधारण १,३३३ रुपये. म्हणजे सगळं नीट होऊनही आठशेच्या आसपास तोटा. ४ पॉइंट असतील तर २,६६६, म्हणजे साडेपाचशेच्या आत फायदा, आणि तोही महिन्याला किती पॉइंट मिळतील ह्यावर मर्यादा नसेल तर. पॉइंटची किंमत धरताना तुम्ही ते खरंच कशावर वापरता ते धरा, कॅटलॉगमधल्या मिक्सरवर वापरले तर किंमत बरीच खाली येते.

काही जण म्हणतात पॉइंट राहू दे, दीड महिना पैसे वापरायला मिळतात ना. मिळतात, पण दोन लाखांवर समजा तीन टक्क्यांनी बचत खात्याचं व्याज ४५ दिवसांचं होतं ७४० रुपये, फी त्याच्या जवळजवळ तिप्पट. शिवाय ते ४५ दिवस मिळणं बिलाच्या तारखेवर आहे. बिल १२ तारखेला निघत असेल तर १३ ला कर भरा, पैसे द्यायची वेळ थेट जुलैच्या शेवटी येईल. बिल १८ ला निघत असेल तर १५ जूनला भरून जेमतेम तीन आठवडे मिळतात.

मग फायदा कुणाला? ज्याच्या कार्डाच्या यादीत कर वगळलेला नाही आणि पॉइंटचा दर फीपेक्षा बराच वर आहे त्याला, किंवा ज्याला माइलस्टोनला, फीमाफीला थोडासाच खर्च कमी पडतोय त्याला. बाकीच्यांनी पोर्टलवर ठरवून दिलेल्या बँकेचं नेटबँकिंग नाहीतर यूपीआय वापरावं. करासाठी यूपीआयची मर्यादा २०२४ पासून ५ लाख आहे आणि फी लागत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगते. बिलाचे पैसे खात्यात तयार नसतील तर कार्डाला हातच लावू नका. मिनिमम ड्यू भरून बाकी पुढे ढकललं की महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात व्याज आणि त्यावर जीएसटी, अ‍ॅडव्हान्स टॅक्सचा हप्ता चुकल्यावर लागणारं व्याज महिन्याला १ टक्का आहे. पैशांची खरंच अडचण असेल तर हप्ता कमी भरणं परवडतं, कार्डावर ओढणं नाही.

आठवडाभर आधी लिमिट बघा, फी धरून. कार्डाची ऑनलाइन व्यवहाराची मर्यादा अ‍ॅपमधून वाढवून ठेवा. लवकरच घराचं लोन काढायचं असेल तर एवढी लिमिट एकदम वापरू नका, सिबिलवर दिसतं. वर्षभरात कार्डाची बिलं १० लाखांच्या वर भरली तर बँक ते इन्कम टॅक्सला कळवते. उत्पन्न नीट दाखवलेलं असेल तर घाबरायचं कारण नाही, माहीत असावं इतकंच.

चलन आधीच बनवून ठेवता येतं, १५ दिवस चालतं. त्यात कराच्या प्रकाराचा कोड बरोबर निवडा, अ‍ॅडव्हान्स टॅक्सचा १००, सेल्फ असेसमेंटचा (वर्ष संपल्यावर उरलेला कर) ३००. वर्ष दोनदा बघा, नवीन इन्कम टॅक्स कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाल्यामुळे २०२५-२६ च्या कमाईचं असेसमेंट वर्ष २०२६-२७ आणि २०२६-२७ च्या कमाईचं टॅक्स वर्षही २०२६-२७, आकडे तेच आणि पैसे वेगळ्या वर्षाचे. शेवटच्या दिवसावर ठेवू नका, गेटवे अडकतो.

मालमत्ता कराला हेच सगळं, पण चाचणी वेगळी करा, कारण महापालिकेच्या पेमेंटला कोड दुसरा असू शकतो. खारघर-कामोठ्याच्या लोकांनी पनवेल महापालिकेचं पोर्टल उघडायचं, नवी मुंबईचं नाही. सूट असेल तर तिची मुदत पॉइंटसाठी घालवू नका. आणि यादी इथेही वाचा.

भरल्यावर चलनाची पीडीएफ सीएला पाठवा, पैसे कापले आणि चलन आलं नाही तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका, पोर्टलवर पेमेंट हिस्टरी बघा. काही दिवसांनी तुमच्या नावावर जमा झालेल्या कराच्या वार्षिक विवरणात (जुन्या कायद्यात ह्याला २६एएस म्हणायचे) नोंद तपासा. बिल पूर्ण भरा, ऑटो-डेबिटमध्ये "टोटल ड्यू" निवडलंय ना ते बघून.