पायाचा चर, बेल्ट आणि वायर: साइटवर या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यात अथणी-रायबागकडची काळी माती आणि खानापूरकडचा जांभा, दोन्हीकडे एकाच पद्धतीने पाया खोदणं ही पहिली चूक. काळी माती वाळली की तडकते, पाणी प्यायली की फुगते आणि धर सोडते. त्यामुळे चर काल सरळ उभा होता म्हणून आज राहील, याचा भरवसा नाही. काठाला समांतर भेग दिसली की आतली माणसं लगेच वर काढा. दीड मीटरपेक्षा (साधारण पाच फूट) खोल चरात फळ्यांचा आधार किंवा बाजूंना उतार दिल्याशिवाय कुणाला उतरवू नका. आत शिडी असू द्या.

उपसलेली माती काठावरच टाकली जाते, कारण जेसीबीवाल्याला तेच सोपं पडतं. ढीग काठापासून किमान दीड मीटर लांब हवा. चर तीन मीटरहून खोल असेल, तर खोलीच्या निम्म्या अंतरावर. एक घनमीटर माती दीड टनाच्या वर भरते. छातीपर्यंत गाडलेल्याला नाक उघडं असूनही श्वास घेता येत नाही. त्याला काढायला दुसऱ्याने उडी टाकू नये, जेसीबीचं बकेट तर अजिबात लावू नये. आधी 112 ला फोन.

परांचीवर सेफ्टी बेल्ट घातला, पण त्याच्या दोरीचा हूक पायाजवळच्या बांबूला! दोरी 1.8 मीटरची असते. माणूस पडला की आधी ती पूर्ण ताणते, मग झटका सोसणारी पट्टी उसवत मीटरभर तरी लांबते. पहिल्या मजल्यावरून तोवर तो जमिनीवर आदळलेला असतो. हूक डोक्याच्या वर, पक्क्या आधाराला लावा.

विजेच्या सुरक्षेबद्दल विचारल्यावर ‘एमसीबी (जास्त करंट वाहिला की वीज तोडणारा स्विच) आहे की’ हे उत्तर ऐकून गप्प बसू नका. एमसीबी वायर वाचवते. माणसासाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारा स्विच. व्हायब्रेटर (काँक्रीट दाबून बसवायचं मशीन) लावण्याआधी तिचं टेस्ट बटण दाबा, ती पडून वीज बंद झाली नाही तर काम थांबवा. बोर्डात वायरची उघडी टोकं काडीने खोचलेली दिसली, तर प्लग बसवल्याशिवाय मशीन सुरू करू नका.

शेवटची चूक भाषेची. सेंट्रिंगची टोळी कन्नड बोलणारी आणि सूचना फक्त मराठीत, हे इकडे सर्रास चालतं. ‘थांब’ आणि ‘निल्लु’ दोन्ही सगळ्यांना पाठ हवेत. रजिस्टरवर सही घेण्याआधी प्रत्येकाला हूक लावून दाखवायला सांगा.