कॅरेक्टर अडखळत चालतंय? कीबोर्ड हाताळताना या चुका टाळा

ठाणे, ऐरोली, नेरूळच्या इंजिनीअरिंग कॉलेजांत ग्राफिक्सच्या मिनी प्रोजेक्टचे दिवस आले की एक तक्रार हमखास कानावर येते: उजवा बाण दाबून धरला की गेममधलं कॅरेक्टर एक पाऊल टाकतं, थबकतं आणि मग एकदम पळत सुटतं. मुलं लॅपटॉपला दोष देतात, चित्रं लहान करून बघतात. दुखणं वेगळंच असतं.

नोटपॅड उघडा आणि ‘क’ दाबून धरा. एक क उमटतो, क्षणभर काहीच होत नाही, मग ककककक. ऑपरेटिंग सिस्टिमने ही सोय टायपिंगसाठी ठेवलेली आहे. तुम्ही ‘की डाऊन’ इव्हेंट, म्हणजे की दाबल्याची सूचना, आला की कॅरेक्टर सरकवत असाल, तर त्याची चालही तशीच होणार. त्यात रिपीट होते ती फक्त शेवटी दाबलेली की. म्हणून उजवा बाण धरून वरचा दाबला की उजवीकडचं चालणं थांबतं.

पायगेममध्ये (पायथनमध्ये गेम बनवायची लायब्ररी) हा रिपीट मुळात बंद असतो, त्यामुळे कॅरेक्टर एकच पाऊल टाकून उभं राहतं. मग काही जण ‘सेट रिपीट’ लावतात. कृपा करून लावू नका, त्याने तोच आजार ओढवून घ्याल. इव्हेंटमध्ये फक्त नोंद करा, ही की दाबली, ही सोडली. आणि दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरचं चित्र नव्याने काढताना दर वेळी, ती नोंद बघून हलवा. पायगेमचं ‘गेट प्रेस्ड’ हेच काम करतं, पण गेमच्या सतत फिरणाऱ्या लूपमध्ये इव्हेंट उपसत राहिलात तरच. ग्लूट या ग्राफिक्सच्या लायब्ररीत बाणांसाठी ‘स्पेशल’ आणि ‘स्पेशल अप’ असे वेगळे कॉलबॅक (इव्हेंट आला की बोलावली जाणारी फंक्शनं) लागतात.

वेग फ्रेमवर बांधू नका. फ्रेममागे ५ पिक्सेल म्हणजे ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या स्क्रीनवर सेकंदाला ३००, पण मित्राच्या १४४ हर्ट्झच्या स्क्रीनवर ७२०. मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने वेगाला गुणा. तिरकं चालताना दोन्ही दिशांच्या वेगाला ०.७०७ ने गुणा, नाहीतर वेग दीडपटीच्या जवळ जातो.

आता एक फसवी चूक. सेकंदाला १०० पिक्सेल वेग, ६० फ्रेम, म्हणजे फ्रेममागे साधारण १.६७. पायगेमचा रेक्ट (जागा आणि आकार ठेवणारा चौकोन) अपूर्णांक छाटतो. १०० वरून उजवीकडे गेलात तर १०१.६७ चे १०१ होतात, डावीकडे ९८.३३ चे ९८. उजवीकडे एक पिक्सेल, डावीकडे दोन! जागा वेगळ्या फ्लोटमध्ये (अपूर्णांक धरणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) ठेवा, रेक्टला फक्त चित्र काढण्यापुरती द्या.

ब्राउझरमध्ये ‘इव्हेंट की’ (उमटणारं अक्षर) ऐवजी ‘इव्हेंट कोड’ (कीची कीबोर्डवरची जागा) तपासा. मराठी टायपिंगचं इनस्क्रिप्ट चालू राहिलं असेल तर चालण्यासाठी ठेवलेल्या डब्ल्यूच्या जागी दोन मात्रा येतात आणि कॅरेक्टर ढिम्म हलत नाही. ऑल्ट-टॅब केल्यावर कॅरेक्टर आपोआप चालत राहत असेल, तर विंडोचा फोकस जाताच सगळ्या नोंदी पुसा.

इतकं करूनही दोन बाण आणि स्पेसबार एकत्र चालत नसतील, तर कोड सोडा, कीबोर्ड बदलून बघा. स्वस्त कीबोर्डांना काही ठरावीक तीन की एकत्र दाबलेल्या ओळखताच येत नाहीत. सबमिशनच्या आधी लॅबमधल्याच कीबोर्डवर खेळून बघा आणि उडीसाठी आणखी एक की ठेवा.