बदललेल्या सायलेन्सरची स्पोर्ट्‌स कार वार्षिक पीयूसी तपासणीसाठी कशी तयार करावी

खासगी मोटारीची दरवर्षी संपूर्ण तांत्रिक तपासणी करण्याची पद्धत आपल्याकडे नाही. दरवर्षी चुकत नाही ती पीयूसी, म्हणजे धुराच्या प्रदूषणाची तपासणी. नव्या गाडीला नोंदणीपासूनचे पहिले वर्ष ती लागत नाही. त्यानंतर बीएस-४ आणि बीएस-६ या उत्सर्जन मानकांच्या गाड्यांना बारा महिन्यांचे, तर त्याआधीच्या गाड्यांना सहा महिन्यांचे प्रमाणपत्र मिळते. पीयूसीचे यंत्र केवळ वायू मोजते, त्याला कान नाहीत. त्यामुळे ‘पीयूसी निघाली, म्हणजे सायलेन्सर चालतो’ ही समजूत सोलापुरातल्या सात रस्त्याच्या चौकात वाहतूक पोलिसांनी हात दाखवला की टिकत नाही. तयारी धुराची वेगळी आणि आवाजाची वेगळी करावी लागते, आणि सुरुवात धुरापासून करणे सोयीचे असते.

सर्वांत आधी गाडी लिफ्टवर चढवून नेमके काय बदलले आहे ते पाहावे. वापरलेली गाडी विकत घेतली असेल, तर आधीच्या मालकाच्या शब्दावर विसंबू नये. केवळ मागचा मफलर बदलला असेल, तर वायूंच्या प्रमाणात सहसा फरक पडत नाही. मधला रिझोनेटर, म्हणजे आवाज कमी करणारी मधली डबी, काढला असेल, तर आवाज वाढतो, पण वायू तेच राहतात. मात्र इंजिनाजवळचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ज्याला गॅरेजमध्ये नुसते ‘कॅट’ म्हणतात, तो काढून तिथे सरळ नळी बसवली असेल, तर पुढची सगळी खटपट व्यर्थ आहे. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन यांचे निरुपद्रवी वायूंत रूपांतर करण्याचे काम कॅटच करतो. बीएस-४ पेट्रोल मोटारीला आयडलिंगवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसते चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्के आणि हायड्रोकार्बन 200 पीपीएम (दहा लाख भागांत 200 भाग) एवढीच मुभा आहे. इंजिन मिनिटाला सुमारे 2500 फेऱ्यांवर नेल्यावर कार्बन मोनॉक्साइड 0.2 टक्क्यांच्या आत आणि लॅम्डा, म्हणजे हवा-इंधनाच्या प्रमाणाचा आकडा, 0.97 ते 1.03 या दरम्यान असावा लागतो. कॅटशिवाय हे आकडे गाठण्याची आशा धरू नये. कॅटच्या मागच्या, वायूतला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरखाली स्पेसर (त्याला नळीपासून दूर ठेवणारा तुकडा) लावून डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा विझवण्याची युक्ती काही मेकॅनिक सुचवतात. त्याने दिवा विझतो, नळीतून बाहेर येणारा वायू मात्र बदलत नाही. अशा वेळी मूळ कॅट परत बसवावा. तो भंगारात गेला असेल, तर त्याच इंजिनासाठी योग्य असा दुसरा घ्यावा.

कॅट जागेवर असूनही गाडी नापास होते, तेव्हा पहिला संशय गळतीवर घ्यावा. बदललेल्या एक्झॉस्टमध्ये मूळपेक्षा जास्त सांधे असतात, आणि वेल्डिंग कितीही सफाईदार दिसले तरी त्यात बारीक छिद्र राहू शकते. वायू नळीतून एकसारखा वाहत नाही, तो धक्क्याधक्क्याने जातो, आणि दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. ही फट पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल, तर इंजिनाच्या संगणकाला पेट्रोल कमी पडत असल्याचा भास होतो, तो इंधन वाढवतो आणि कार्बन मोनॉक्साइड चढतो. फट सेन्सरच्या नंतर असेल, तर यंत्राला नमुन्यात जादा ऑक्सिजन दिसतो आणि लॅम्डा 1.03 च्या वर जातो. म्हणजे यंत्राच्या पावतीवर कोणता आकडा बिघडला आहे, त्यावरून फट कुठे शोधायची याचा अंदाज बांधता येतो. गळती शोधायला महागडे साधन लागत नाही. इंजिन थंड असताना सुरू करावे, सोबतच्या माणसाने जाड हातमोजे घालून फडक्याने मागची नळी क्षणभर दाबून धरावी, आणि आपण प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी टाकावे. जिथे फुगे येतात, तिथले गॅस्केट किंवा वेल्डिंग बदलावे. हे काम मोकळ्या जागेत करावे, बंद गॅरेजमध्ये कदापि करू नये.

शेवटच्या नळीचे टोकही पाहून घ्यावे. यंत्राची नमुना घेणारी कांडी किमान 300 मिलिमीटर आत जाणे अपेक्षित असते. दिखाऊ रुंद टोक, आतली जाळी किंवा टोकाजवळचे वळण यांमुळे ती तेवढी आत जात नाही आणि नमुन्यात बाहेरची हवा मिसळते. तसे असेल, तर टोक सोडवून न्यावे.

एअर फिल्टरकडेही या निमित्ताने लक्ष द्यावे. आपल्याकडची उन्हाळी धूळ कागदी फिल्टर लवकर भरवते. तेल लावण्याचा स्पोर्ट्‌स फिल्टर असेल, तर त्यावर तेल जास्त झाल्यास ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसते आणि मिश्रण बिघडते.

तपासणीच्या दिवशी गाडी घरून थेट केंद्रावर नेऊ नये. कॅट साधारण 250 ते 300 अंश सेल्सिअस तापल्यावरच नीट काम करू लागतो, आणि जुळे सोलापुरातून आसरा चौकापर्यंतच्या फेरीत तो पुरेसा तापेलच असे नाही. तुळजापूर रस्त्याने हिप्परगा तलावाच्या पुढे किंवा हैदराबाद रस्त्याने बोरामणीच्या दिशेने वीसएक मिनिटे एकसारख्या वेगाने जाऊन परत यावे आणि रांग नसलेल्या वेळी केंद्र गाठावे. सोलापूरच्या मे महिन्यात एसी बंद करणे जिवावर येते, परंतु तपासणीपुरता तो बंदच ठेवावा. आरसी जवळ असावी, तिच्याशी जोडलेला मोबाइल क्रमांक चालू असावा. प्रमाणपत्राची नोंद ‘वाहन’ या सरकारी ऑनलाइन प्रणालीत होत असल्यामुळे ‘गाडी आणू नका, नुसता नंबर पाठवा’ असे सांगणाऱ्याकडे जाऊ नये. कागद मिळेल, पण गाडीतला दोष तसाच राहील. गाडी नापास झाली, तर कारण लिहिलेली नकाराची पावती मागून घ्यावी आणि ती मेकॅनिकला दाखवावी. ‘जरा ट्यूनिंग करून द्या’ असे मोघम सांगण्यापेक्षा त्या पावतीवरचे आकडे अधिक उपयोगी ठरतात.

आवाजाचा प्रश्न यानंतरचा, आणि तो अधिक नाजूक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 120 वा नियम सायलेन्सरविषयी आहे. प्रवासी मोटारीसाठी 74 डेसिबल ही मर्यादा सांगितली जाते, ती धावती गाडी ठरावीक अंतरावरून जाताना मोजायची असते, त्यामुळे नळीजवळ मोबाइल धरून घेतलेल्या मोजणीला अर्थ नाही. तसेच मोटार वाहन कायद्याच्या 190(2) या कलमाखाली हवा व ध्वनी प्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मफलरमधील काचतंतू जळून गेल्याने आवाज वाढला असेल, तर ते नव्याने भरून घेता येतात. परंतु सरळ नळी बसवली असेल, तर मूळ सायलेन्सर परत लावण्यावाचून दुसरा खात्रीचा उपाय मला तरी दिसत नाही. म्हणूनच बदल करताना मूळ सुटे भाग गॅरेजवाल्याच्या ताब्यात सोडू नयेत. ते नट-बोल्टांसह घरी आणून तेलाचा हात फिरवून ठेवावेत.

नोंदणीला पंधरा वर्षे पूर्ण होताना हे भाग खरोखर कामी येतात. तेव्हा नमुना 25 हा अर्ज भरून नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, अर्ज मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत करता येतो, आणि एमएच-13 ची गाडी विजापूर रस्त्यावरील आरटीओत मोटार वाहन निरीक्षकासमोर उभी करावी लागते. तिथे यंत्राची कांडी नसते, माणसाचे डोळे आणि कान असतात. त्या दिवसाच्या किमान आठवडाभर आधी मूळ सायलेन्सर बसवून घ्यावा, म्हणजे गंजलेला बोल्ट तुटला तरी दुरुस्तीला वेळ उरतो.