नवा मॅक मिनी घ्यायचा का?

2024 च्या शेवटी मॅक मिनीचं, म्हणजे ॲपलच्या छोट्या डेस्कटॉप कॉम्प्युटरचं, रूपडं बदललं. आधीच्याची प्रत्येक बाजू जवळपास 20 सेंटिमीटर होती, याची 12.7. दिसायला झकास आहे, पण आकारावर भाळून पैसे मोजू नका.

आधी सध्याच्या कॉम्प्युटरवर तुमचा सगळ्यात जड प्रोजेक्ट उघडा आणि नेहमीसारखं काम करत विंडोजच्या टास्क मॅनेजरमधला मेमरीचा (रॅमचा) आकडा बघत राहा. तो 16 जीबीच्या पुढे जात असेल, तर 16 जीबी रॅमचं सुरुवातीचं मॉडेल विसरा. यातली रॅम नंतर वाढवता येत नाही. जे ठरवायचं ते खरेदीच्या वेळीच. स्टोरेजचं तसं नाही. भारतात हा 59,900 रुपयांना आला, तेव्हा 256 चं 512 जीबी करायला वीस हजार जास्त पडत होते. तेवढ्यात चांगली बाहेरची एसएसडी येते, आणि व्हिडिओचं फुटेज तसंही बाहेरच ठेवलेलं बरं. जास्तीचे पैसे घालायचेच तर रॅममध्ये घाला.

एसडी कार्डाचा स्लॉट नाही, जुन्या चौकोनी यूएसबीचं एकही पोर्ट नाही. म्हणजे जास्तीची पोर्ट देणारा हब आलाच. पॉवरचं बटण बुडाशी आहे, हे टेबलावर जागा ठरवताना लक्षात घ्या.

लग्नपत्रिका, फ्लेक्सची कामं करणाऱ्यांनी मात्र जरा थांबावं. तुमचं मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल, तर अडचण आहे: जुन्या मॅकवर विंडोज टाकायची जी बूटकॅम्पची सोय होती, ती या मशीनवर चालत नाही. ते मॅकवर चालतं का, हे सॉफ्टवेअरच्या विक्रेत्याला आधी विचारा.